आत्याबाईंचं तेल आणि आमच्या माना

आमच्या घरात सून सासऱ्यांपुढं मान वर करून बोलत नाही. असा हुकूम कुणी काढलेला नाही. लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंचं बघून मी शिकले. अजूनही मामंजी, म्हणजे माझे सासरे, समोर आले की हात पदराकडे जातो आणि नजर फरशीकडे. त्यात माझा धंदा साड्यांना फॉल-पिको करायचा. घरात मान खाली, मशीनवर मान खाली. ती कधीतरी बोलणारच होती. बोलली.

आधी नुसती कुरकुर. मग रस्ता ओलांडताना रिक्षा येतेय का बघायचं, तर मान वळेना, अख्खी मीच वळायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी करडईच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून बाटली भरून ठेवली. रोज दिवेलागणीला मला पाटावर बसवून त्या मान चोळायच्या. "सैल सोड की गं, दगडावानी काय धरती!" सासूनं सुनेची मान चोळावी, असं आमच्या गल्लीत दुसरं घर नव्हतं. दुखणं मात्र तसूभर हललं नाही. पण त्यांनी "आता कसं वाटतंय?" विचारलं की माझ्या तोंडून निघायचं, "लई फरक आहे." मी कमी बोलणारी बाई. त्या कमीतलंही हे खोटं.

शेवटी न सांगता फिजिओथेरपीला जायला लागले. घरी म्हणायचे, गुलमंडीला रीळ आणायला जाते, आणि क्रांती चौकात उतरायचे. पुरावा म्हणून येताना खरंच रीळ घ्यायचे. कपाटात इतकी रिळं झाली की सगळ्या शहराच्या साड्यांना फॉल लागला असता.

तिथली मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. आधी गरम शेक, मग मानेवर चकत्या चिकटवून बारीक करंट. मुंग्या चालल्यासारखं गोड वाटायचं. मग भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची. "काकू, दुहेरी हनुवटी करा. फोटोत लपवता ना, तीच." मशीनवरून मधूनमधून उठा, उशी बदला, हेही तिनंच शिकवलं. हळूहळू मान सुटू लागली. एकदा चौकात रिक्षात बसल्या बसल्या मी सहज मागं वळून बघितलं. मागं काहीच नव्हतं, एक उसाच्या रसाची गाडी होती. पण मला इतका आनंद झाला की घरापर्यंत मी सारखी मागंच बघत आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोई पीछे आ रहा क्या, मौसी?"

मग तो दिवस. मॅडमनं मला ट्रॅक्शनला बसवलं होतं. हनुवटीखाली पट्टा, डोक्यावर दोरी, मान वर ताणलेली. तेवढ्यात पडदा सरकला आणि आत आले मामंजी. हातात साखरफुटाण्यांची पुडी.

माझा हात पदराकडे गेला. मॅडम ओरडली, "काकू, हलायचं नाही!" मान खाली घालावी, तर पट्टा घालू देईना. जन्मात पहिल्यांदा मी मामंजींचा चेहरा सरळ बघत होते. त्यांच्या डाव्या भुवईत एक लांब पांढरा केस आहे, हे मला तेव्हा कळलं.

"आजोबा, आज उशीर?" मॅडमनं विचारलं.

मामंजींच्या मिशा हलल्या. "रीळ मिळालं का, सूनबाई?"

मी आवळलेल्या दातांतून म्हटलं, "मिळालं. तुमचं दर्शन झालं?"

घरी ते सांगायचे, देवळात जातो. येताना दुकानातले फुटाणे प्रसाद म्हणून आणायचे. पडल्या पडल्या मोबाईलवर कीर्तनं बघून त्यांची मान धरली होती, आणि माझ्यानंतर पाटावर त्यांचाच नंबर असायचा. त्यांनीही "लई फरक आहे" हेच सांगितलेलं. आम्ही दोघं इतके हसलो की मॅडमला दोरी सैल करावी लागली. घरी कुणीच काही सांगायचं नाही, असं न बोलता ठरलं.

ते मोडलं पैठणच्या फोननं. आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीची मान दुखत होती, हाताला बधिरपणा येत होता, कप हातातून निसटत होता. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "दवाखाना कशाला? बाटली देते एसटीत. माझ्या घरात दोघांच्या माना फिरायला लागल्या!" आणि बाटलीला फडकं गुंडाळायला बसल्या.

माझ्या "लई फरक आहे"वर ती बाई घरी बसणार होती. मामंजी नुसते खोकत होते. मी मान वर केली. दोघांकडे बघत म्हटलं, "आत्याबाई, गुण तेलानं नाही आला. मी फिजिओथेरपीला जाते. मावशींना आधी डॉक्टरला दाखवू द्या."

"मी बी जातो," मामंजी म्हणाले.

आत्याबाईंचे हात थांबले. "आन् त्यो परसाद?"

"दुकानातला."

"मी डोक्याला लावून खाल्ला वो!" मग त्यांनी बाटली खाली ठेवली. मला वाटलं, आता रडतील. तर एकदम कडाडल्या, "मला सोडून दोघं जाता व्हय? तुमच्या माना रगडून रगडून माझा खांदा वर जाईना! बोलले नाय. म्हणलं, गुण येतोय, आता थांबले तर परत आखडतील."

फळीवरचा डबा त्या हल्ली मला काढायला का सांगायच्या, ते मला तेव्हा उमगलं.

त्यांनी लगेच पैठणला फोन लावला. "आधी डॉक्टरला दाखव. तेल मागनं लाव. वास चांगलाय."

दुसऱ्या दिवशी एका रिक्षात तिघं. मॅडमनं आत्याबाईंना भिंतीवर बोटं चढवत न्यायला लावलं, मुंगी चढते तशी. शेजारी मामंजी आणि मी हनुवट्या आत ओढून उभे. माझा हात सवयीनं पदराकडे गेला, तर भिंतीकडे तोंड करूनच आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्यो पदर. मॅडम ओरडंल."

बाटली काही फेकली नाही. मॅडम म्हणाली, हलक्या हातानं चालेल. आता दिवेलागणीला पाटावर आत्याबाई बसतात आणि खांदा मी चोळते.

"सैल सोडा की," मी म्हणते. थोड्या वेळानं विचारते, "कसं वाटतंय?"

"काय बी फरक नाय," त्या म्हणतात. "पण थांबू नको."