युरेनसचे पंधरा चंद्र

मानवतच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आसपासच्या काही शाळा मिळून सातवीची एकच वार्षिक परीक्षा घेत आणि पेपर तपासायला एकमेकांकडे पाठवत. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला झरी गावच्या शाळेचा गठ्ठा आला.

'युरेनसला किती उपग्रह आहेत?' असा एका गुणाचा प्रश्न होता. पुस्तकात पाच होते, उत्तरांच्या यादीतही पाच. पहिल्या पोराने लिहिलं होतं, पंधरा. दुसऱ्यानेही पंधरा. दहाव्या पेपरापर्यंत पोचले तेव्हा माझी खात्री झाली, की वर्गात कोणीतरी मोठ्याने उत्तर सांगितलंय आणि तेही चुकीचं. सगळ्यांच्या उत्तरावर मी लाल फुली मारली आणि शेऱ्याच्या कागदावर लिहून टाकलं, 'सामूहिक नक्कल झाल्याचा संशय.' लिहिताना मला जरा अभिमानच वाटला होता. नवी असून माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा.

शेऱ्याचा कागद शाळेला पोचला आणि पुढच्या रविवारी दुपारी झरीचे विज्ञानाचे सर आमच्या दारात उभे. परभणीला गाडी बदलून, उभ्याने प्रवास करून आले होते. चाळिशीचे, काळेसावळे, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या यजमानांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते भांडायला आलेत असं धरून मी आधीच मनात उत्तरं जुळवत होते. पण त्यांनी पाणी सावकाश पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्याडम, मार्क वाढवा म्हणायला न्हाई आलो. पोरांनी नक्कल केली न्हाई, एवढंच सांगायचंय."

पिशवीतून त्यांनी एक वही काढली. जानेवारीत व्हॉयेजर नावाचं यान युरेनसजवळून गेलं होतं. त्या वर्षी जो तो धूमकेतूबद्दल बोलत होता, त्यात ही बातमी माझ्या कानावरून गेली असेल तर मी ती धरली नव्हती. सरांनी मात्र रेडिओवर परदेशी केंद्रं लावून ऐकू येईल तेवढं उतरून घेतलं होतं. नीट न कळलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह, दुसऱ्यांदा ऐकून खात्री झाली की बरोबरची खूण. वर्तमानपत्रातलं चार ओळींचं कात्रणही चिकटवलेलं होतं. यानाला दहा नवे चंद्र सापडले होते. पाच आधीचे, दहा हे.

मी म्हणाले, की पुस्तकात तर पाचच आहेत. सर हसले. त्यांच्या घरी मेंढरं होती, वडील अजून कळप घेऊन फिरत.

"आमचे वडील सांजच्याला मेंढरं मोजतात. अंधारात मागं राहिलेली दहा उशिरा आली, तर आधीचं मोजणं लबाडी ठरत न्हाई म्याडम, कमी ठरतं. पुस्तकाचं तसं हाय."

मग त्यांनी पिशवीतून मातीचे दोन गोळे काढले. काळ्या मातीचे, सुकलेले, मोसंबीएवढे. प्रत्येकातून आरपार एक काडी घातलेली, ग्रहाचा आस म्हणून. आत लोहचुंबकाची पट्टी होती. एका पुडीत बारीक काळी भुकटी. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव रस्त्यावर घासून घासून झिजते, त्या चाकोरीतल्या धुळीतून चुंबक फिरवून पोरांनी ती गोळा केली होती. महिनाभर शाळेत येता-जाता हेच काम चालायचं म्हणे.

पहिला गोळा पृथ्वीचा. भुकटी टाकली तशी ती काडीच्या दोन टोकांजवळ केसांसारखी उभी राहिली. दुसरा युरेनसचा, तो ग्रह कुशीवर पडून फिरतो म्हणून काडी जवळजवळ आडवी धरलेली. तिथे भुकटीचे झुपके काडीपासून लांब, भलत्याच जागी, तेही एका अंगाला सरकून उभे राहिले. सरांनी काडी फिरवली की ते झुपके गरागरा भोवती फिरत.

मला वाटलं, गोळा करताना चुंबक वाकडं बसलं असेल. तसं मी बोललेसुद्धा. सर म्हणाले, की तिथल्या शास्त्रज्ञांनाही आधी असंच काहीसं वाटलं असणार. पण यानानं मोजलं तेव्हा तिथलं चुंबक आसापासून असंच कललेलं निघालं. यानाला एक लांबलचक दांडी असते आणि चुंबक मोजणारं यंत्र त्या दांडीवर बसवलेलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. कामून, तर यानाच्या स्वतःच्या विजेचा आणि लोखंडाचा परिणाम त्यात मिसळू नये म्हणून. हे सांगताना त्यांचा आवाज हळू झाला. मग मिरांडा नावाच्या चंद्राबद्दल बोलले. त्याचा पृष्ठभाग कसा, तर जुन्या लुगड्यांचे वेगवेगळे तुकडे जोडून वाकळ शिवावी तसा. फोटो त्यांनी पाहिला नव्हता. नुसतं ऐकून त्यांनी वहीत चित्र काढलं होतं, ते मला दाखवलं.

ते गेल्यावर मी गठ्ठा परत उघडला. नक्कल म्हणावी तर बाकीची उत्तरं प्रत्येकाची निराळी होती. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. शेरा मागे घेतला आणि परीक्षेचं काम पाहणाऱ्या मुख्याध्यापकांना पत्र लिहून गुण द्यायची परवानगी मागितली. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की उद्या प्रत्येक शाळा रेडिओ ऐकून उत्तरं लिहील. पुस्तक हेच प्रमाण. त्यांचंही अगदी चुकलं होतं असं नाही. गुण मिळाले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी झरीला गेले. ती मुलं आता आठवीत बसली होती. वर्गापुढे उभं राहून मी म्हणाले, की तुम्ही नक्कल केली असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं, माझी चूक झाली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उठून विचारलं, "म्याडम, आता खालच्या वर्गानं काय लिहायचं?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी तोच प्रश्न तिला परत विचारला. ती म्हणाली, "दोन्ही लिहावं."

पुढच्या वर्षी झरीचे पेपर मी मागून घेतले. युरेनसचा प्रश्न पुन्हा आला होता आणि त्याखाली प्रत्येकाचं उत्तर होतं : 'पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाच. आता माहीत असलेले पंधरा.' मी एकामागून एक पूर्ण गुण देत गेले, आणि कोणालाच हरकत घेता आली नाही.

सरांशी पत्रव्यवहार मग चालू राहिला. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये आमचा रेडिओ अचानक मुका झाला. यजमान रोज संध्याकाळी परदेशातलं हिंदी बातमीपत्र ऐकत. दोन दिवस नुसती खरखर. दुरुस्तीवाल्यानं सेट उघडून पाहिला, त्याला काही सापडलं नाही. मी झरीला कार्ड टाकलं. चौथ्या दिवशीच उत्तर आलं. सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. तिथून निघालेला कणांचा झोत पृथ्वीचं चुंबक बराचसा अडवतं, पण एवढा मोठा झोत आला की वरच्या हवेचा जो थर लांबच्या केंद्रांचा आवाज परतवून खाली पाठवतो, तोच विस्कटतो. त्यांचाही रेडिओ मधूनमधून मुका होत होता. पण त्यांनी तो शाळेत नेला होता, आणि कोणतं केंद्र कधी गेलं, कधी परत आलं, याची नोंद मुलं दर तासाला करत होती.

पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'यंत्र बिघडलं न्हाई म्याडम, वाट बिघडली हाय. दोन दिवस थांबा.'

यजमान तेव्हा स्वतः उघडलेल्या रेडिओचे स्क्रू परत बसवत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि मला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली.