पंधरा सह्या आणि चार खाडे

माझं मोटारसायकलचं लायसन्स मला मेसच्या काकूंनी मिळवून दिलं. आरटीओने ते फक्त छापलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत मोटारसायकल शिकवणाऱ्या सरांची आहे, आणि श्रेय कुठे मोकळं पडलेलं दिसलं की सर ते उचलून घेतात.

तेव्हा मी कोथरूडमध्ये पाच जणांच्या खोलीत सहावा होतो. यवतमाळकडचा, नववीतून शाळा सुटलेला. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या गावापर्यंत बातमी पोचली होती, की पुण्यात कंप्युटरमुळे सगळ्यांना काम मिळतं. बातमी खरी निघाली. कंप्युटर येणाऱ्यांना कंप्युटरचं काम मिळत होतं आणि बाकीच्यांना त्यांची पाकिटं पोचवण्याचं. मी एका कुरिअरवाल्याकडे पायी पाकिटं वाटत होतो. तो म्हणाला होता, "एक तारखेपासून पायी वाटप बंद. पक्कं लायसन्स घेऊन ये, गाडी आमची, हिंजवडीची लाइन तुझी." लायसन्स नसेल तर काय, हे त्याने सांगितलं नाही. ते मला कळत होतं. गावी परत. आणि गावी मी 'पुण्यात कंपनीत आहे' असं सांगून ठेवलं होतं. कोणत्या कंपनीत, हे देवाच्या दयेने कुणी विचारलं नव्हतं.

पुण्यात दुचाकी शिकायला पैसे भरले म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. इथे ती शिकवावी लागत नाही. बापाची स्कूटर असते, मामाची मोपेड असते, सोसायटीचं अंगण असतं. ज्याचा या शहरात एकही नातेवाईक चाकावर बसलेला नाही, तो सरांकडे जातो.

सरांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. मागे पाटी होती: 'फी आगाऊ भरावी. भरलेली फी परत मिळत नाही. कारण विचारू नये.' मी कारण विचारलं नाही. सहाशे रुपये भरले. सरांनी एक वही पुढे सरकवली. तिच्यात पुढच्या पंधरा दिवसांच्या तारखा आधीच घालून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे सहीची जागा मोकळी होती.

"सगळीकडे करून टाक. रोज रोज कुठे वही काढायची."

"आजच पंधरा, सर?"

"का, सही येत नाही?"

सही येत होती. शाळेत जेवढं शिकलो त्यातली तेवढीच एक गोष्ट पक्की राहिली होती, आणि नेमका तिच्यावरच संशय घेतला गेला. मी पंधराच्या पंधरा सह्या वळणदार करून दिल्या. चार बुकं जास्त शिकलेल्याने आधी वर काय लिहिलंय ते वाचलं असतं. आमच्यासारख्याला जागा दाखवली की पुरे.

शिकवणं मात्र अगदी मोकळ्या हवेतलं होतं. सर झाडाखाली उभं राहून दुसऱ्याच कुणाशी बोलत आणि मी मैदानाला फेऱ्या मारी. मधूनच हाक येई, "नागपूर, क्लच." यवतमाळ म्हणजे नागपूर नव्हे, असं मी दोनदा सांगून पाहिलं. "तिकडेच ना सगळं?" सर म्हणाले. भूगोल तिथेच संपला.

असे सहा दिवस झाले. मग बहिणीचं साक्षगंध ठरलं, म्हणून मी सरांना सांगून चार दिवस गावी गेलो. परत आल्यावर एक दिवस गाडी सर्व्हिसिंगला होती, एक दिवस मैदानात लग्नाचा मांडव होता, तीन दिवस सरच नव्हते. सोळाव्या दिवशी सर भेटले आणि म्हणाले, "तुझा कोर्स झाला."

"नऊ दिवस बाकी आहेत ना जी."

सरांनी वही उघडली. "ही सही कुणाची? माझी?"

"नाही जी. माझीच."

"मग? आणखी शिकायचं असेल तर शीक की. नवीन फी भर."

नवीन फी नव्हती. एक तारखेला दोन आठवडे उरले होते. परीक्षेत पाय न टेकता आठाचा आकडा काढायचा असतो, आणि मला फार तर एकचा जमत होता.

दुपारी मेसमध्ये सगळ्यांत शेवटी जेवलो आणि काकूंना म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून माझी मेस बंद करा."

काकू मेथी निवडत होत्या. "का रे? भाजी बिघडली की आई आठवली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी जुडी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"एका बैठकीत पंधरा सह्या. नशीब, त्याने किडनीचा फॉर्म पुढे केला नाही." मग म्हणाल्या, "साखरपुड्याला गेलास ते दिवस कुठले?" आणि त्यांनी फडताळातून खाड्याची वही काढली.

आमच्या मेसमध्ये आधी सांगून गैरहजर राहिलं, तर त्या दिवसाचे पैसे वळते होत. त्याला खाडा म्हणायचं. खाडा मिळवणं हे व्हिसा मिळवण्याइतकंच सोपं होतं. कुठे जाणार, कशाला, केव्हा परतणार, हे सगळं काकू स्वतः लिहीत आणि खाली मुलाची सही घेत. त्या छळाबद्दल आम्ही मागे काय काय बोलायचो ते इथे लिहीत नाही.

"पाचला जाऊ," काकू म्हणाल्या. "तेव्हा झेरॉक्सला कॉलेजची मुलं असतात. चार माणसांत बोललेलं बरं."

काकूंना बघून सर चक्क उभे राहिले. "या काकू. तुम्ही इकडे कशा?" वयाचा मान ठेवला असेल, असं मला वाटलं.

"वही बघायला आले."

"ती ऑफिसची असते, काकू."

"म्हणूनच ऑफिसात आले. तुमच्या घरी नाही गेले."

त्यांनी आपली वही सरांच्या वहीशेजारी उघडून ठेवली आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. "सोमवार. तुमच्याकडे हा गाडी शिकत होता. माझ्याकडे हा यवतमाळला होता, बहिणीचा साखरपुडा. मंगळवार, तसंच. बुधवार, गुरुवार, तसंच. मास्तर, पेट्रोल बरंच जळलं असेल हो."

झेरॉक्सच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर रागावले आणि आता शिकवणारच नाहीत, एवढंच मला दिसत होतं.

"सही त्याचीच आहे, काकू," सर म्हणाले.

"त्याचीच आहे. पंधराही, एकाच शाईत, एकाच दमात. तुम्ही मन लावून करून घेतलेलं तेवढं एकच काम."

रांगेतल्या एका मुलाने सरांकडे भरायला आणलेल्या फीच्या नोटा हळूच खिशात परत घातल्या. ते सरांनी पाहिलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. "किती द्यायचे परत?"

मी हात पुढे केला. काकूंनी तो खाली केला.

"पैसे नकोत. पैसे घेऊन हा शिकायला कुठे जाईल? नऊ दिवस द्या. आणि सही रोजची रोज."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या साडेसहाला ये."

"थँक्यू सर," मी हात जोडून म्हणालो.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "त्याला कसलं थँक्यू? चोराने चप्पल परत केली तर तू पाया पडशील."

सरांनी ते नऊ दिवस रागाने शिकवलं. रागाने माणूस किती छान शिकवतो हे मला तेव्हा कळलं. विटा मांडून आठ गिरवून घेतला, झाडाखाली कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. परीक्षेला मी पाय न टेकता आठ काढला. साहेब वर न बघता "पुढचा" म्हणाले. म्हणजे पास.

एक तारखेला मी हिंजवडीच्या रस्त्यावर होतो. माझ्या पाठीवर दुसऱ्यांची पाकिटं होती आणि खिशात स्वतःचं लायसन्स होतं.

दोन-तीन महिन्यांनी डबे पोचवणाऱ्या मावशींशी बोलताना कळलं, की सरांच्या घरी काकूंकडून तीन डबे जायचे. दोन्ही वेळचे, कित्येक वर्षं. आम्ही वह्या घेऊन गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते बंद झाले होते. सर कशाला उभे राहिले होते आणि 'तुमच्या घरी नाही गेले' या बोलण्याचा अर्थ काय होता, ते मला तेव्हा समजलं. काकूंना हे होणार हे पाचला निघतानाच माहीत असणार.

मी विचारलं तर म्हणाल्या, "पोळ्या मोजून घ्यायचे. सुटले मी."

त्या सुटल्या नव्हत्या. त्या महिन्यापासून भांडी घासणाऱ्या बाई यायच्या बंद झाल्या होत्या आणि काकू स्वतः घासत होत्या, हे मी रोज जेवताना पाहत होतो. फक्त ते कुणामुळे, हे कळलं नव्हतं.

काकू, पैसे दिले तर तुम्ही घेत नाही. साडी आणली तर आधी पावती मागता आणि दुकानात परत करायला लावता. तरीही हे माझ्याकडून लेखी घ्या, आणि या खेपेला वर काय लिहिलंय ते वाचून मी सही करतोय: तुमचं हे मी एक दिवस फेडीन.