अळणी भाजीचे आभार

तायडे सरांनी चमच्याचं चित्र असलेलं कार्ड पंख्याकडे भिरकावलं. पंख्यानं ते माझ्याकडे परत पाठवलं. निशाणा शाबूत आहे असं मी फाईलमध्ये लिहिणार होतो, पण सरांची नजर पाहून पेन खिशात ठेवलं.

मी स्पीच थेरपिस्ट. क्लिनिक अमरावतीत, बुधवारी अकोल्याची फेरी, पेशंटच्या घरी जाऊन. तायडे सरांनी आयुष्यभर अकोल्यातल्या शाळेत पीटी शिकवलं. त्यांची हाक अख्ख्या मैदानाला ऐकू जायची. मग स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि अफेजिया झाला. म्हणजे काय? तर माणसाला सगळं कळतं, बोलायचं काय तेही ठाऊक असतं, फक्त शब्द हाती लागत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जितका सराव, तितकी वाचा परतण्याची आशा जास्त. आणि सरांनी नेमका तेव्हाच संप पुकारला होता.

मी त्यांच्या पत्नीला, मार्थाबाईंना, स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर सर कायमचे गप्प होतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी जेवून घ्या.

वांग्याची भाजी होती. सरांच्या बीपीसाठी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. बाईंनी ते सगळ्या घराचंच कमी केलं होतं. माझ्या शेजारी त्यांचा मुलगा सुनील, कंपनी बंद पडल्यानं घरी बसलेला, मुकाट्यानं घास ढकलत होता.

जेवणानंतर त्यांच्याकडे रोज प्रार्थना होते. सगळे डोळे मिटतात आणि एकामागून एक, प्रत्येक जण एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानतो. घर ख्रिस्ती, मी हिंदू, पण पाहुण्यालाही यातून सूट नाही.

"आई, तुह्या आभारात माही नोकरी कुठं बसते?" सुनीलनं विचारलं.

"बसन. जागा ठेवली हाय."

मलाही राहवलं नाही. एवढ्या वाईट दिवसांत रोज नवं काय सापडतं, असं मी बाईंना विचारलं.

"सारं चांगलं असतं तं मी प्रार्थनेत डुलक्या घेतल्या असत्या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आता रोज शोधा लागते. शोधता शोधता समजते का प्रभू उठून गेला नाई, इथंच बसला हाय. मंग दुसऱ्या दिवशीचं बळ येते."

डोळे मिटले. बाईंनी सुरुवात केली. "प्रभू, आज यायनं रागानं कार्ड फेकलं. उजव्या हातानं फेकलं. तुहे आभार."

सुनीलनं थंड पाण्याचे आभार मानले. मग मी. आता मला श्रोते मिळाले की मी आवरत नाही. मी त्या भाजीवर असा काही बहरलो की वांग्यालाही संकोच वाटला असता. काय तो स्वाद, काय तो मसाला!

मग सरांचा नंबर. स्ट्रोकनंतर रोज हा नंबर रिकामा जायचा, पण बाई तो ओलांडत नसत. सगळे थांबायचे. मी एक डोळा किलकिला केला. आणि काय दिसलं? सरांकडे कुणीही बघत नव्हतं. सरावाच्या वेळी आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसतो, जणू जादूगाराच्या टोपीतून आत्ता ससा बाहेर येणार. इथे घाई नाही, प्रेक्षक नाहीत. सरांचे ओठ हलू लागले.

"मीठ," सर म्हणाले. बराच वेळ गेला. "नव्हतं."

सुनील फस्सकन हसला. कित्येक दिवसांत तो हसला नव्हता, हे मला नंतर कळलं. मार्थाबाईंचे गाल ओले झाले होते. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "आमेन."

पुढच्या बुधवारपासून कार्डं बॅगेतच राहिली. मी एखादी धडधडीत थाप मारायचो, डोळे मिटायचो आणि वाट बघायचो. चुकीचं ऐकून गप्प बसेल तो पीटीचा मास्तर कसला? हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायच्या दिवशी, सर चर्चमध्ये उभे राहिले. "देवा. बायको दिली. आभार," एवढंच बोलून बसले. सुनीलला वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये काम लागलं. त्या दिवशी प्रार्थनेत त्यानं ते सांगितलं, तेव्हा आईनं फक्त विचारलं, "बसली ना?"

या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: पेशंटनं बोलावं असं वाटत असेल तर डोळे मिटून थांबायला शिका. आणि अळणी भाजीची स्तुती करताना हात आखडता घेऊ नका. मार्थाबाई मला अजून तीच वाढतात.