सरांनी निवडलेला रेकॉर्डर

मुरुममध्ये माझं औषधांचं दुकान आहे. आठवीत मला मराठी शिकवणारे सर दर महिन्याला तिथं रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. ऐंशी ओलांडली आहे, पण गोळीचं पाकीट डोळ्यांजवळ धरून नाव स्वतः वाचतात. माझी विद्यार्थिनी देतेय म्हणजे बरोबरच असेल, असं ते धरून चालत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी असेच आले आणि चिठ्ठीच्या आधी त्यांनी पिशवीतून एक चपटी चौकोनी डबी काढून काउंटरवर ठेवली. तळहातावर मावेल एवढी. पातळ प्लास्टिकच्या आत एक चकाकणारी चकती दिसत होती.

"ही कशावर वाजते, ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"मिनिडिस्क म्हणतात. घरी चाळीस आहेत. वाजवायला काही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. निवृत्त झाल्यावर सर एसटीनं, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, लोहारा-उमरगा भागातली गावं फिरले होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरकडची घरं नव्यानं उभी राहिली, आणि सरांच्या लक्षात आलं की जुन्या घरांबरोबर बरेच शब्दही गेले. जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायची जागा, तिला बळद म्हणत. नव्या घरांच्या भिंतीला पोटच नाही, तर बळद म्हणणार कोण? तसेच पेरणीच्या तिफणीचे शब्द, बैलगाडीचे, विहिरीचे. इकडं घरोघरी बोलतात ते मराठीत मिसळलेले कानडी शब्द. भाच्यानं त्यांना मिनिडिस्कचा छोटा रेकॉर्डर दिला होता. त्यावर त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं भरून घेतलं. पुढं त्याची बॅटरी आतच गळली आणि यंत्र कायमचं गेलं.

"शब्द वहीत आहेत," सर म्हणाले. "पण तो शब्द कधी वापरायचा, कुणी कुणाला म्हणायचा, ते सगळं या डब्यांत राहिलं. बोलणारी बहुतेक माणसं आता नाहीत."

मी म्हटलं, पुण्याला पाठवू, कुणीतरी मोबाईलमध्ये घालून देईल. सरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना थांबवत थांबवत, पुन्हा मागं जात, स्वतः ऐकायचं होतं. आणि त्या सगळ्या माणसांचे आवाज कुरिअरच्या खोक्यात घालायला त्यांचं मन होत नव्हतं.

मी चारचौघांना विचारत राहिले. शेवटी माझ्या दुकानाचा फ्रीज दुरुस्त करणाऱ्यानं पत्ता दिला. उमरग्यात पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देणारी एक बाई आहे, म्हणाला, तिच्याकडं असली चिल्लर यंत्रं असतात. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. सरांना घेऊन मी एसटीनं उमरग्याला गेले.

दुकान म्हणजे एक शटर. दारात शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी ओळीनं पडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. पन्नाशीची बाई जाड चष्मा लावून एका मोटारीच्या खाचांतून तार ओवत होती. हात थांबवले नाहीत. "बसा सर. येवढा खण भरू द्या, मधीच सोडला तर तारंचे येढे मोजायचं चुकतंय."

तेवढं संपल्यावर तिनं हात पुसले आणि कपाटातून तीन रेकॉर्डर काढून जुन्या साडीच्या फडक्यावर मांडले. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकानं धंदा बंद केला, तेव्हा त्याचं सगळं सामान तिनं एकगठ्ठा घेतलं होतं. त्यात हे आले.

एक चंदेरी, पातळ, नुकताच खोक्यातून काढल्यासारखा. दुसरा निळा. तिसरा जाड आणि जड, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, बटणांवरची अक्षरं पुसलेली. माझा हात आपोआप चंदेरीकडं गेला.

"थांबा," बाई म्हणाली. "सर, तुम्हाला ऐकायचं हाय का भरायचं?"

"ऐकायचं," मी म्हटलं.

सर जाड यंत्राकडं बघत होते.

तिनं सरांची एक डिस्क चंदेरीत घातली, पण कानाला इअरफोन न लावता सरळ यंत्रच कानाशी धरलं. मी विचारलं, असं काय? "आतली मोटार ऐकतीय. मोटार येवढीशी असू दे न्हायतर पाच एचपीची, तिचा आवाज खोटं बोलत न्हाय." मग समाधानानं मान हलवून तिनं इअरफोन सरांच्या हातात दिले.

सरांचा चेहरा बदलला. त्यांनी एक इअरफोन मला दिला. कुणी म्हातारी बोलत होती. "बर्री, कूड्री," या, बसा, असं आधी कानडीत म्हणाली, मग मराठीत सुनेला चहा टाकायला सांगितला. मागं कोंबड्या होत्या. सर डोळे मिटून बसले. डिस्कवरचा त्यांचा स्वतःचा आवाज वीस वर्षांनी तरुण होता.

"हेच घेऊ," मी म्हटलं.

"घ्या की. वाजतंय चांगलं. पर ह्याला माईकचं भोक न्हाय," बाई म्हणाली. "बोलणं भरायचं झालं तर ह्यात न्हाय भरता येणार. निळ्याला माईक हाय, पर तो मी कुणाला इकणार न्हाय."

तिनं निळ्यात कोरी डिस्क घालून दाखवलं. आकडे पळत होते, सगळं भरलं जातंय असं वाटत होतं. पुन्हा लावलं तर नुसती शांतता. "भरताना वरनं चकतीला टेकणारं डोकं असतंय बारीक, ते वाकलंय. वाजवताना कळत न्हाय. माणूस तासभर बोलून जाईल आन घरी गेल्यावर डिस्क कोरी. लई वाईट." तिनं निळा फडक्याबाहेर ठेवला. तिला तो आम्हाला सहज खपवता आला असता, आम्हाला काय कळणार होतं!

राहिला जाड. त्याला माईक होता, त्याचं डोकं सरळ होतं. तिनं "एक, दोन, तीन" म्हणून भरून दाखवलं, आणि तिचा आवाज स्वच्छ परत आला. मग तिनं त्यात सरांची दुसरी डिस्क घातली. चकती फिरली, आकडे पळाले, पण आवाज नाही. सर घाबरले. डिस्क खराब झाली असं त्यांना वाटलं.

"डिस्कला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही ही दुप्पट येळेवर भरलीय. एका डिस्कमधी दोन डिस्कचं. व्हय का न्हाय?"

सरांना आठवलं. कोऱ्या डिस्क मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी तसं केलं होतं. अशा अकरा होत्या. जाड यंत्र जुनं, त्या पद्धतीच्या आधीचं, त्याला त्या अकरा वाचता येणार नव्हत्या. चंदेरीला सगळ्या वाचता येत होत्या, पण नवं बोलणं भरता येणार नव्हतं.

मला यात निवडण्यासारखं काही दिसेना. ऐंशीच्या पुढचा माणूस, चाळीस डिस्क ऐकायच्या आहेत, चंदेरी घ्यावा आणि घरी जावं. मी तसं म्हटलंही. फार तर नवं काही भरायचं झालं तर माझा मोबाईल आहे.

"मोबाईल चांगलाच आहे," सर म्हणाले. "पण तो समोर धरला की माणसं फोटोला बसल्यासारखी बसतात. मधेच वाजतो. आणि तो तुझा आहे, मला प्रत्येक वेळी तुला न्यावं लागेल." त्यांनी जाड यंत्र उचललं, वजन करून बघितलं, पुसलेल्या बटणांवरून बोट फिरवलं. "मला हा द्या."

"आणि अकरा डिस्क?" मी विचारलं.

"एकोणतीस ऐकता येतील. अकरा डिस्कांतली माणसं जे बोलायची ते बोललीत, ती आता त्यांत सुरक्षित आहेत. जे अजून बोललेच नाहीत, त्यांच्याकडं आधी जायला पाहिजे."

हा माणूस पुढं बघून यंत्र घेत होता, आणि मी त्याच्या वयाकडं बघून.

बाईनं चष्मा काढून सरांकडं नीट पाहिलं. "सर, चंदेरी मी इकत न्हाय आता. हितंच ऱ्हाऊ द्या. तुम्ही येत जा, हितं बसून ऐकत जा अकराच्या अकरा. मला काय, मी तर दिसभर हितंच असते."

मग तिनं सरांना जाड यंत्र शिकवलं. बाहेर छोटी डबी लावून त्यात साधे सेल कसे घालायचे. थांबवायचं बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं लुकलुकतात, तेव्हा ते भरलेलं लिहून काढत असतं. त्या वेळी हलवायचं नाही, सेल काढायचे नाहीत. सरांनी हे तीनदा करून दाखवलं, एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखं, मधे विचारत, चुकलं की हसत.

पुढचे कितीतरी गुरुवार सर उमरग्याला गेले. सुरुवातीला मी सोबत जात असे. एका स्टुलावर सर चंदेरी घेऊन, मांडीवर वही, आणि शेजारी बाई तार ओवत. एक इअरफोन तिच्या कानात. पहिल्यांदा ती नुसतं ऐकायची. मग एकदा डिस्कवरचा शेतकरी पेरणीचं सांगताना काहीतरी पुटपुटला आणि सरांना शब्द लागेना. तीनदा मागं जाऊन ऐकलं. बाई काम न थांबवता म्हणाली, "चाडं म्हणतोय त्यो. तिफणीवरलं. बी सोडायचं." सरांनी तिच्याकडं पाहिलं. "तुमच्या घरी तिफण होती?" "माहेरी. आमी बायकाच बी सोडायचो की."

त्या दिवसापासून सर तिला विचारू लागले, आणि मी पाहिलं की ते कसं विचारतात. शब्द सुचवत नाहीत. दुसऱ्याचं वाक्य पुरं करत नाहीत. समोरचा गप्प झाला तर तेही गप्प राहतात, आणि थोड्या वेळानं समोरच्याला पुढचं आठवतंच. आठवीत वर्गात ते असेच उभे राहायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, सर उत्तर विसरलेत.

अकरावी डिस्क संपली त्या गुरुवारी मी गेले होते. सरांनी पिशवीतून जाड रेकॉर्डर काढला, माईक लावला आणि बाईसमोर ठेवला.

"आता तुमचे शब्द."

"माझे कसले? मी काय शेतकरी न्हाय आता."

"मोटारीचे."

ती लाजली. आधी पुस्तकी बोलायला लागली, मोटारला आपण मोटार असं म्हणतो, वगैरे. सर नुसते बसून राहिले. तेवढ्यात एक शेतकरी दारात येऊन म्हणाला, "ताई, मोटार घुमतीय." तिनं त्याला मोटार खाली ठेवायला सांगितली आणि सरांकडं वळून सहज बोलायला लागली. घुमतीय म्हणजे हुं हुं आवाज करतीय पण फिरत न्हाय, अंगात आलेल्या बाईवानी. जळाली तर ती येगळी, तिला वास येतो. पाणी उचलत न्हाय ती आणखी येगळी. ती अर्धा तास बोलली. तिच्या धंद्यात इतके शब्द आहेत हे तिलाही त्याच दिवशी कळलं असावं.

सरांनी बटण दाबलं आणि अक्षरं लुकलुकायची थांबेपर्यंत हात मागं घेऊन बसले. मग वही उघडली. 'घुमणे' लिहिलं, अर्थ लिहिला, आणि पुढं 'सांगणार' या रकान्यात लिहायला तिचं पूर्ण नाव विचारलं. माहेरचं की सासरचं, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, तुम्हाला आवडेल ते. तिनं जरा विचार करून दोन्ही सांगितली.

लिहून झाल्यावर तिनं वही आपल्याकडं वळवून घेतली आणि तो रकाना वरून खालपर्यंत वाचला. कुणी गाडीवान, कुणी गवंडी, 'बर्री, कूड्री' म्हणणारी ती म्हातारी, आणि शेवटी ती.

"खाली जागा हाय अजून," ती म्हणाली, आणि दारातल्या मोटारीकडं गेली.