शेवटचा भाग न पाहता दिलेला पहिला नंबर

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. सिनेमाविषयी लिहावं एवढं माझं पाहणंही नाही. पण त्या दिवशी स्टेजवर जे बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही आणि तो राग अजून उतरत नाही. म्हणून हे धाडस.

साताऱ्याला आमच्या कॉलेजच्या सिनेमा मंडळाने स्पर्धा ठेवली होती. जगातल्या थोर चित्रपट-मालिकांची क्रमवारी लावायची आणि पहिला नंबर का दिला ते स्टेजवर सांगायचं. मी समुद्राखालच्या शहराची मालिका पहिली ठेवली. इंग्रजी, पण हिंदीत डब केलेली. कुंडलजवळच्या आमच्या गावात ती मी दादाबरोबर पाहिली. दादा फौजेत आहे.

फौजीच्या घरात सण कॅलेंडरप्रमाणे होत नाहीत, सुट्टीप्रमाणे होतात. एका वर्षी दादा हुरड्याच्या दिवसांत आला, तेव्हा आम्ही आकाशकंदील लावला आणि आईने करंज्या तळल्या. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. मालिकेचंही तसंच. दादाला जो भाग मिळेल तो हार्डडिस्कवर यायचा. एका सुट्टीत तिसरा आला, पुढच्या सुट्टीत पहिला. त्यामुळे त्या शहराचा कप्तान आधी म्हातारा दिसला, मग तरणा. आई म्हणाली, "आरं, औषध घावलं का काय ह्याला?" दादा हसून हसून खाटेवरून पडायचाच राहिला.

शेवटचा भाग साताऱ्याच्या थिएटरला लागला तेव्हा दादा सीमेवर होता. फोनवर म्हणाला, "एकटा बघू नगंस रं. मी आलो की दोघं बघू." मी "व्हय" म्हणालो. मग बर्फ पडला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. थिएटर माझ्या कॉलेजच्या वाटेवरच आहे. पोस्टर उतरेपर्यंत मी समोरून मान खाली घालून जायचो. वर्गात कुणी विषय काढला की उठून बाहेर यायचो.

हेच सगळं सांगायचं ठरवून मी स्टेजवर गेलो. सुरुवात केली न केली तोच परीक्षक सरांनी विचारलं, "शेवटचा भाग कसा वाटला?"

"पाहिला नाही, सर."

"का बरं?"

"दादा सुट्टीवर आल्यावर पाहणार आहे."

हॉल हसला. सर म्हणाले, "म्हणजे शेवट न पाहताच पहिला नंबर? कमाल आहे!" तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "अरे, कप्तानच फितूर निघतो! शहर तोच बुडवतो! जा, दादाला कळव!"

टाळ्या पडल्या. सरही हसले. मी "सॉरी, सर" म्हणून खाली उतरलो.

सॉरी कशाबद्दल? ताटातला घास ओढून घ्यावा तसा शेवट माझ्याकडून ओढून घेतला, आणि सॉरी मी म्हणायचं? ज्यांनी सगळे भाग पहिल्या दिवशी, मोबाइलवर बोटं फिरवत पाहिले, त्यांनी क्रमवारी लावायची. आणि ज्याने एका भागासाठी इतके महिने कान झाकून काढले, त्याची लायकी नाही? त्या ओरडणाऱ्यापेक्षा मला सरांचा राग जास्त येतो. प्रजासत्ताक दिनाला हेच सर माइकवर घसा ताणून सांगतात की जवान सीमेवर उभा आहे म्हणून आपण सुखाने झोपतो. त्या जवानाचा भाऊ त्याच्यासाठी एक सिनेमा थांबवतो, याचं मात्र त्यांना हसू आलं. हे मी तिथंच म्हणायला हवं होतं. ते आता इथं लिहितोय.

त्यानंतर आईचा फोन आला की झालेलं सांगून टाकावं म्हणून मी आधी सिनेमाचं नाव काढायचो. ती म्हणायची, "येऊ दे त्याला. टीव्हीवर तिघं बघू." मी विषय बदलायचो. तिला काय सांगणार होतो?

काल दुपारी हॉस्टेलच्या जिन्यात असताना दादाचा फोन लागला. आवाज तुटत होता.

"आयक. हितं समद्यांनी बघितला आपला शेवटचा भाग. मी त्या टायमाला पहाऱ्याची पाळी मागून घेतली. पोरं लय हसली. हसू देत. सुट्टी मंजूर झाली, गड्या, शनवारी येतूय. तवर कुणाकडनं शेवट आयकू नगंस."