आयरिनच्या बोंबलांची पारख

सुके बोंबील विकणाऱ्या उत्तनच्या आयरिनच्या नाकावर भाईंदर पश्चिमेची कितीतरी घरं डोळे मिटून विसंबून होती. बोंबील दिसायला वाळून काटक झाला, तरी आत ओल राहिली असेल तर पावसाळ्यात अख्खा डबा नासवतो. ती ओल आयरिनला नुसत्या वासावर कळायची. आईकडून आलेली विद्या. भांडवल म्हणाल तर बाईकडे तेवढंच.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती तापाने पडली आणि उठली. जीव वाचला म्हणून तिने क्रूसाची खूण केली. मग एके दिवशी तव्यावरचे बोंबील करपून कोळसा झाले, खिडकीतून धूर बाहेर निघाला, नवरा मॅन्युएल अंगणातून ओरडत आला, आणि ही चुलीकडे पाठ करून शांत बसलेली. तेव्हा कळलं, वास गेला. मॅन्युएलचं नाक तंबाखूने कधीच निकामी केलेलं. आणि दिवस कुठले, तर लोक पावसाळ्याची बेगमी करतात ते. एकदा खराब माल गेला की गिऱ्हाईक परत यायचं नाही, आणि वर्षाचं पोट त्यावरच होतं. तिने कोणाला सांगितलं नाही.

बाजारात तिच्या शेजारी मोरव्याची अंबिका सुकट घेऊन बसायची. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. पाटी बोटभर सरकली तरी सकाळभर तोंडं वाजत. या बाईला सुगावा लागू नये म्हणून आयरिन रोजच्यासारखी बोंबील नाकाशी नेऊन मान डोलवत राहिली. फक्त मास्क खाली करायचा विसरली. वासच येत नाही, तिला मास्क असला काय आणि नसला काय! अंबिकेने ते पाहिलं.

एक शब्द पुरला असता. बाजार उघडायचा सकाळचा थोडा वेळ. गिऱ्हाईक घाईत आणि भेदरलेलं. आयरिनपुढची सगळी गर्दी अंबिकेपुढे लागली असती. पण अंबिकेने आयरिनची पाटी ओढली, स्वतःचा मास्क उतरवला आणि एकेक जुडी हुंगत गेली. एक बाजूला टाकून म्हणाली, "ही विकू नको."

ती जुडी सगळ्यात देखणी होती. आयरिनच्या मनात पाल चुकचुकली. मेली मुद्दाम माझा चांगला माल काढायला लावतेय! विकायची छाती झाली नाही, पण तिने ती फेकलीही नाही. घरी नेऊन मागच्या खोलीत खुंटीला टांगली. पुढे अंबिका रोज पाटी हुंगायची, कधी जुडी काढायची, कधी नाही, आणि लगेच जागेवरून भांडायला लागायची.

पाऊस तोंडावर आला होता. एका दुपारी आयरिन मागच्या खोलीत गेली आणि कुठे उंदीर मेलाय म्हणून पोती हलवू लागली. हलवता हलवता थबकली. तिला वास येत होता. त्याचा माग काढत ती खुंटीपाशी पोचली, देखणी जुडी मोडली, आणि आतली घाण भसकन नाकात शिरली. कुजलेल्या मासळीपुढे उभी राहून बाई हसत होती आणि रडत होती. मॅन्युएलला वाटलं, आजार डोक्यात गेला. नाक परत आल्याचा आनंद होताच. पण नवल अंबिकेचं वाटत होतं. जिने कधी बोटभर जागा सोडली नाही, तिने हाताशी आलेल्या गिऱ्हाइकावर पाणी सोडलं, भर साथीत रोज मास्क उतरवला आणि आयरिनची पत राखली. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाशेजारी आपण जन्मभर भांडत बसलो, या विचाराने ती भारावून गेली.

सकाळी तिने पाटी टेकवायच्या आधीच सांगून टाकलं. "वास आला परत. ती पहिली जुडी मी टाकली न्हवती, अंबिके. तुझ्यावर भरवसा न्हवता."

"ठाव हाय मला. तुज्या जागी मी बी टाकली नसती."

"मग रोज कशाला बघायचीस?"

अंबिकेने सुकट निवडता निवडता ओळीतल्या रिकाम्या जागांकडे हात केला. "कोपऱ्यावरची गेली. पलीकडची गेली. तू बी हितनं उठलीस तर मी भांडू कोनाशी?"

आयरिनने मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला आणि ती बराच वेळ पाटी नीट करत बसली.