हबमधलं मुठेल

प्रिय ईशा आणि निहार,

उतारावर सायकलचे ब्रेक लागले नाहीत तर माणूस कुठे जाऊन थांबतो, हे मला नेमकं ठाऊक आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर मी टाचांना मुठेल चोळत होते (मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठीत वळून ठेवलेलं) आणि मागे तुमचे आजोबा पोट धरून हसत सुटले. "आजी, काय झालं?" असं तुम्ही तीनदा विचारलंत. मी "नेटवर्क जातंय" म्हणून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं! तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, म्हणून हे पत्र. शिवाय आजोबांच्या तोंडची हकिगत तुमच्यापर्यंत आधी पोचू नये, हाही हेतू आहेच.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. ज्या सायकलवरून मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवायला गेले, ती अचानक पिठाच्या गिरणीसारखी घरघरू लागली. दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधले गाभे, आतून कोरडे पडले होते.

"बुधवारी भंगारवालो येतलो," आजोबा म्हणाले. "देवन टाक गो."

"माझी सायकल? अहो, मी स्वतः दुरुस्त करतलंय!"

"कर. पण पाचशेच्या वर एक पैसो नाय. आणि बुधवारी माझ्यासमोर समुद्रापर्यंत जावन परत येवक व्हया. नाय जमला तर भंगारात!"

मी वही घेतली. तीन रकाने आखले: अत्यावश्यक, इष्ट, चैन. इंटरनेटवर पाहिलं तर हब उघडायला अकरा हत्यारं लागतात म्हणे. एवढ्यात माणसाचं हृदय उघडता आलं असतं! शेवटी सायकलवाल्या बाबल्याकडे गेले. हा माझा जुना विद्यार्थी, इंग्रजीत कायम काठावर पास.

"बाई, अकरा खंयची? नट सोडूचे पातळ पाने दोन, जाडे आत शिरनत नाय. बेअरिंगचे छर्रे नवे. आणि ग्रीस. बस!"

बेरीज झाली पाचशे चाळीस. मी पेन उचललं आणि ग्रीसवर रेघ ओढून ते 'अत्यावश्यक'मधून सरळ 'चैन'मध्ये नेलं.

"बाई, ग्रीस काढू नकात!"

"बाबल्या, ग्रीस म्हणजे शेवटी काय? घट्ट स्निग्ध पदार्थ. तो माझ्या फडताळात आहे."

बाबल्याने डोक्याला हात लावला. (वर्गात मी त्याला प्रश्न विचारले की तो असाच करायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं.)

मंगळवारी अंगणात धुतलेलं लुगडं पसरून मी दोन्ही हब उघडले. एका पान्याने आतली शंकूसारखी चकती धरायची, दुसऱ्याने वरचं नट सोडायचं. जुने छर्रे काढले, नवे मोजून बसवले आणि मुठेलाचे दोन अख्खे गोळे आत दाबून भरले. चाक फिरवलं. आवाज नाही! चाक फिरतच राहिलं. मी तीन वेळा टाळ्या वाजवल्या. मांजर उठून गेलं.

बुधवारी सकाळी मी निघाले. आजोबा मागून चालत. वाटेत बाबल्याचं दुकान लागलं आणि मला थांबायचा मोह आवरला नाही.

"ऐक बाबल्या, काही ऐकू येतंय?"

"नाय."

"तेच तर!"

मग काटकसर आणि स्वतंत्र विचार या विषयावर मी त्याला चांगलं पाऊण तास ऐकवलं. सायकल तेवढा वेळ बाहेर, एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याला टेकून उभी होती. हातात घेतली तेव्हा चाकाच्या तारा चमकत होत्या. मला वाटलं, पुसल्यामुळे!

देवळाखालचा उतार सुरू झाला. मी ब्रेक दाबला. सायकलचा वेग वाढला! पातळ झालेलं मुठेल तारांवरून ओघळून रिमवर आणि ब्रेकच्या रबरांवर पोचलं होतं. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकवले. चपला मागे राहिल्या, मी पुढे गेले.

"गो, थांब!" आजोबा ओरडले.

"त्याच प्रयत्नात आहे!" मी शुद्ध मराठीत ओरडले. (संकटात मी नेहमी शुद्ध बोलते.)

खाली किनाऱ्यावर मासेवाल्या झुलेखाबीने चटया अंथरून मीठ लावलेले बांगडे सुकत घातले होते. तिने हातातली टोपली उंच धरली. "बाई! बाजूक! बाजूक!"

बाजूला माड होता. मी बांगडे निवडले.

डोळे उघडले तेव्हा केसात एक बांगडा, पदरात चार आणि समोर झुलेखाबी.

"बाई, बांगडे व्हये होते तर सांगूचा! घराक धाडलं असतंय. असा येवन झोपूक कित्याक व्हया?"

आजोबा धापा टाकत आले. मला काही लागलं नाही हे पाहिलं आणि मग आडव्या पडलेल्या सायकलकडे बघतच राहिले. पुढचं चाक हवेत फिरत होतं. अगदी मुकाट, सुरेख, थांबायचं नावच नाही.

"गो," ते हळूच म्हणाले, "चाक मात्र झकास बसवलंस हां!"

आणि जे हसायला लागले, ते वाळूत बसले. झुलेखाबीही बसली. शेवटी मीही. बसलेलीच होते म्हणा!

भंगारवाला आला तेव्हा आजोबांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "जा रे! असली सायकल भंगारात देतंत?" संध्याकाळी ते स्वतः ग्रीसचा डबा घेऊन आले आणि चिरडलेल्या बांगड्यांचे पैसेही त्यांनीच भागवले. ते किती, हे मी विचारलं नाही. ग्रीसपेक्षा जास्त, एवढं मला कळलं.

सायकल अजून आहे. दोन्ही पातळ पाने फडताळात आहेत, मुठेलाच्या शेजारी. आणि ती यादीही आहे. तीत ग्रीसवर मी ओढलेल्या रेघेशेजारी आजोबांनी माझ्याच लाल पेनाने शेरा लिहिला आहे: 'अक्षर सुंदर. उत्तर चूक. पालकांना भेटण्यास सांगावे.'

तुमची,
आजी